फोनवर सगळे मजेत

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने घरच्या फोनवर खरं बोलायचं नसतं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी तरी पाहिलेला नाही. वहिनी १९९१ साली लग्न होऊन दादरहून लंडनच्या कडेला हाउन्स्लोला आल्या, तेव्हा भारतात फोन करणं हा रविवारचा समारंभ असे. पुढे दुकानात कॉलिंग कार्डं मिळायला लागली. नाण्याने खरवडून आकडे काढायचे, ते सगळे दाबायचे आणि मग एक बाई इंग्रजीत सांगायची की तुमच्याकडे अमुक मिनिटं आहेत. तेवढ्या मिनिटांसाठी पलीकडे आई, बाबा, आत्या आणि 'मलाही एकदा बोलू दे' म्हणणाऱ्या शेजारच्या काकू रांगेत उभ्या असायच्या. अशा मोजलेल्या मिनिटांत कंबर दुखते, पाइप गोठला, दादाची नोकरी जाते की राहते, असल्या गोष्टींना जागा कुठली? "सगळे मजेत!" तेही ओरडून, कारण मुंबई लांब. नंतर मिनिटं स्वस्त झाली, मग फुकट झाली, पण गळ्याला लागलेलं वळण गेलं नाही. आजही फोन कानाला लागला की वहिनींचा आवाज एकदम पंचविशीतला होतो.

आणि आता वहिनींना किती दुखतं, हे ब्रिटिश सरकार फोनवरून ऐकणार होतं.

वहिनींना ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. सकाळी बोटं मिटलेली असतात, ती उघडायला दुपार होते. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, त्यांच्या जोडीला फोलिक अ‍ॅसिड, आणि रोज एकदा 'आज जरा बरं वाटतंय' असं म्हणणं, एवढे उपचार चालू आहेत. इथे अशा माणसांसाठी पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट नावाचा भत्ता आहे. लोक त्याला 'पिप' म्हणतात. २०१३ मध्ये तो जुन्या डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सच्या जागी आला. तुम्ही नोकरी करता का, बँकेत किती आहे, हे त्यात बघत नाहीत. आजाराचं नाव काय, यालाही फारसं महत्त्व नाही. त्या आजाराने तुमच्या रोजच्या जगण्याचं काय केलंय, एवढंच विचारतात. रोजचं जगणं आणि हिंडणं-फिरणं असे दोन भाग. प्रत्येक भागात ८ गुण झाले तर साधा दर, १२ झाले तर वरचा. २०२५-२६ मध्ये रोजच्या जगण्याचा साधा दर आठवड्याला ७३.९० पौंड होता, वरचा ११०.४०. अर्ज सरकारी पेन्शनचं वय होण्याआधी करावा लागतो. वहिनी साठीच्या. "आता नाही तर कधीच नाही," असं दादा म्हणाला आणि जाडजूड फॉर्म माझ्यासमोर ठेवला. आमच्या घरात फॉर्म भरायचं काम ज्याचं अक्षर बरं त्याच्याकडे येतं, आणि अक्षर बरं असल्याचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा आहे.

फॉर्म गेला, आणि काही आठवड्यांनी तपासणी फोनवर होईल असं पत्र आलं. पूर्वी बहुतेकांना केंद्रात जावं लागे. तिथे म्हणे वेटिंग रूममधल्या खुर्चीतून तुम्ही कसे उठता आणि आतपर्यंत कसे चालत जाता, इथूनच तपासणी सुरू व्हायची. २०२० साली कोविडमध्ये केंद्रं बंद झाली, फोन आला आणि मग तो राहिलाच. ऐकणारी व्यक्ती नर्स असते, फिजिओथेरपिस्ट असते किंवा पॅरामेडिक. सरकारने नेमलेल्या खाजगी कंपनीतर्फे ती तासभर प्रश्न विचारते आणि अहवाल पाठवते. निर्णय घेतो तो सरकारी खात्यातला तिसराच कुणी, ज्याने तुमचा आवाजही ऐकलेला नसतो. म्हणजे सुजलेलं मनगट कुणी बघणार नाही, वाकडं झालेलं बोट कुणी बघणार नाही. जे काही जायचं ते वहिनींच्या त्या ठणठणीत आवाजातून जायचं.

दादा कॉलेजात एकांकिका बसवायचा. तो म्हणाला, "तालीम करू."

मी तपासनीस झालो आणि दुसऱ्या खोलीतून वहिनींच्या मोबाइलवर फोन लावला. "गुड मॉर्निंग. हाऊ आर यू टुडे?"

"व्हेरी वेल, थँक यू! अँड यू?"

दादाने बैठकीतूनच "कट!" म्हणून आरोळी दिली. वहिनींचं म्हणणं, समोरचा माणूस चांगलं विचारतोय, त्याला पहिल्याच वाक्यात दुखणी काय सांगायची? असभ्य वाटतं. पुन्हा फोन. पुन्हा "व्हेरी वेल". तिसऱ्यांदा त्यांनी निश्चयाने "नॉट सो वेल" म्हटलं, पण अशा आनंदी सुरात, की मुलगी पास झाल्याचे पेढे वाटताहेत असं वाटावं.

मला एक युक्ती सुचली. दुखणं सांगण्याची आपल्याकडे दुसरीही रीत आहे. रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला आपण गुडघ्याचा एक्स-रे पिशवीतून काढून दाखवतो. इथल्या मंडळाच्या गणपतीत, आरती आणि जेवण यांच्यामधल्या वेळात, वहिनी स्वतःच्या हातांवर अर्धा तास सहज बोलू शकतात. अट एकच, समोर तोडीस तोड दुखणं हवं. म्हणून मी सुचवलं की फोनवर नर्स आहे असं समजूच नका, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकू आहेत असं समजा. हा प्रयोग फारच यशस्वी झाला. वहिनींनी मला दादाची शुगर सांगितली, धाकट्या बहिणीचा थायरॉइड सांगितला, शेजारच्या पंजाबी बाईंची बायपास टाक्यांसकट सांगितली. स्वतःचे हात राहून गेले. या सामन्यात आपल्या पत्त्यांबरोबर दुसऱ्यांचेही पत्ते टाकायचे असतात, हे मी विसरलो होतो.

मग आम्ही प्रश्नांनुसार तयारी घेतली. पहिला प्रश्न स्वयंपाकाचा. सरकारी व्याख्येत साधं जेवण म्हणजे ताज्या जिनसांपासून एका माणसापुरता शिजवलेला एकच पदार्थ. वहिनींनी ही व्याख्या दोनदा वाचून घेतली.

"एकच पदार्थ?"

"हो."

"आणि एकाच माणसाचा? मग हे काय खाणार?"

शिवाय शिजवणं म्हणजे कमरेच्या उंचीवर किंवा त्याच्यावर गरम करणं. ओव्हनपुढे वाकावं लागतं, म्हणून त्यात ओव्हन येत नाही. मला ही व्याख्या मनापासून आवडली. कुणीतरी कमरेचा विचार केलाय. वहिनींना मात्र ती साफ नापसंत. कोशिंबिरीला शिजवावं लागत नाही, म्हणजे ती जेवणातच नाही का?

"रोजचा स्वयंपाक तुम्ही करता का?" मी विचारलं.

"करते की."

"कणीक कोण मळतं?"

इथे दादा छताकडे बघायला लागला. चौकशी पुढे सरकली तसं एकेक बाहेर पडू लागलं. कणीक दादा मळतो. भाजी दादा चिरतो. कुकर दादा उचलतो, झाकण दादा काढतो, भाताचं पाणी दादा निथळतो. पोळ्याही गेली काही वर्षं तोच लाटतो, आणि आम्हाला वाढल्या जाणाऱ्या पोळ्यांचे आकार असे का असतात, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. वहिनी खुर्चीत बसून मीठ किती ते सांगतात, फोडणी तडतडली की 'आता' म्हणतात. त्यांच्या हिशेबी स्वयंपाक त्यांचाच आहे, आणि चवीला तो त्यांचाच लागतो, याबद्दल मी कुठल्याही कोर्टात साक्ष देईन. पण सरकारी कोष्टकात याला 'मदत' म्हणतात आणि तिचे ४ गुण आहेत.

"चार?" दादा म्हणाला. त्याला वाटलं, कणकेचेच चार आहेत.

देवपूजेचंही तेच निघालं. दिवसभर काय करता, असा एक प्रश्न हमखास असतो. "सकाळी उठते, पूजा करते," वहिनींनी सुरुवात केली. काडी ओढता येत नाही, म्हणून निरांजन दादा लावतो. फुलं दादा आणतो, गंध दादा उगाळतो, देव ताम्हनात दादा घेतो.

"मग पूजा कोण करतं?"

"मंत्र कोण म्हणतं?" वहिनींनी उलट विचारलं. तो गुण आम्ही त्यांना देऊन टाकला.

अंघोळीच्या प्रश्नाला घरात शांतता पसरली. या देशातल्या देशी घरांतल्या बाथरूमचं एक गुपित आहे. टबात प्लॅस्टिकचं स्टूल असतं, शेजारी बादली, बादलीत मग. शॉवर भिंतीला असतो तो पाहुण्यांसाठी. आता त्या टबाचा काठ ओलांडायला हाताला धरावं लागलं तर ३ गुण, केस धुवायला किंवा कमरेखालचं अंग धुवायला मदत लागली तर २, खांद्यापासून कमरेपर्यंतच्या अंगाला मदत लागली तर ४. यांची बेरीज होत नाही, सगळ्यांत मोठा आकडा तेवढा धरतात. वहिनी म्हणाल्या, "पाठीला चार आणि पायांना दोन? हे कुणी ठरवलं?" मला माहीत नव्हतं. पण आयुष्यभर पोटऱ्या दुखत असणाऱ्या माणसाने ठरवलेलं नसावं.

कपड्यांत वेगळीच कथा. वहिनी साडी सोडून पंजाबी ड्रेसवर आल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं होतं, वहिनी मॉडर्न झाल्या म्हणून. पुढे सलवारीच्या नाडीऐवजी इलॅस्टिक आलं, मग बटणांच्या जागी वेल्क्रो, मग घरात गाऊनच. विचारलं की, "आवड बदलली." तालमीत कळलं की आवड अजूनही काठापदराचीच आहे. निऱ्या धरणाऱ्या बोटांनी साथ सोडली. हे त्यांनी इतकी वर्षं दादाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मलाही सांगितलं नाही. मी तपासनीस होतो म्हणून तपासनिसाला सांगितलं.

चालण्याचा भाग दादाने स्वतःकडे घेतला. त्यात अंतर मीटरमध्ये सांगावं लागतं. २० मीटर, ५० मीटर, २०० मीटर अशा रेघा आहेत आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे गुण बदलतात. आपल्याकडे अंतराची एककं वेगळी. दुकान 'इथेच' असतं, बसस्टॉप 'हे काय, कोपऱ्यावर' असतो आणि देऊळ 'दोन पावलांवर'. वहिनींना विचारलं किती चालता, तर म्हणाल्या, "दुकानापर्यंत जाते." दुकान किती लांब? "इथेच." दादा शिवाजी पार्कच्या मातीत वाढलेला. त्याने एका सेकंदात तोड काढली. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २० मीटरला जेमतेम बोटभर जास्त. "म्हणजे एक धाव पळून काढता येत नाही, तो बारा गुणांचा," असा त्याने नियमाचा सोपा अर्थ लावला. अडीच खेळपट्ट्या म्हणजे ५० मीटर. मग तो टेप घेऊन रस्त्यावर उतरला आणि फाटकापासून मोजत सुटला. शेजारचे गोरे आजोबा काळजीत पडून बाहेर आले. त्यांना वाटलं आम्ही घर वाढवतोय. प्लॅनिंग परमिशन घेतलीय का, असं त्यांनी फार सौजन्याने विचारलं. दादाने सौजन्यानेच सांगितलं की बायको मोजतोय.

दुकान निघालं साडेचार खेळपट्ट्यांवर. पण वहिनी एका दमात जातात का? पहिल्या खेळपट्टीनंतर भिंतीला टेकतात, दुसरीनंतर पोस्टाच्या लाल पेटीला, मग दुकानदाराच्या स्टुलावर, आणि परतताना दादा गाडी घेऊन जातो. आल्यावर संध्याकाळ पलंगावर. आता गंमत अशी की नियमात याची सोय आहे. एखादी गोष्ट करता येते असं तेव्हाच धरतात, जेव्हा ती धोक्याशिवाय, नीट, हवी तितक्या वेळा आणि निरोगी माणसाला लागेल त्याच्या फार तर दुप्पट वेळात करता येते. आणि हे निम्म्याहून जास्त दिवशी. इतका समजूतदार नियम सरकारी कागदात सापडेल असं मला वाटलं नव्हतं. फक्त तो तुम्हाला माहीत असावा लागतो. फोनवर 'चालता का?' विचारलं आणि तुम्ही 'हो' म्हणालात, की भिंत, पेटी, स्टूल आणि पलंग चौघंही फोनच्या बाहेर राहतात.

निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे हिशेब आला, आणि हिशेब म्हणजे कालनिर्णय. दादाने त्याच्या चौकटींत रोजची नोंद सुरू केली. 'संकष्टी. बोटं उघडली १२ वाजता. चंद्रोदय ८.४०, तोवर पुन्हा मिटली.' 'एकादशी. साबुदाणा मी भिजवला.' 'हळदीकुंकू. डबीचं झाकण उघडेना, बायकांना वाट बघायला लावली.' दुधाचे हिशेब जिथे राहायचे तिथे आता दुखण्याचे राहू लागले. हे पान पुरावा म्हणून पाठवायचं तर भाषांतर करावं लागेल आणि त्यात संकष्टीला काय म्हणायचं, यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी पाठवलंच नाही, जवळ ठेवलं.

भाषेवरून आठवलं. दुभाषा हवा का, असं विचारलं होतं. वहिनी तीस वर्षांहून जास्त इथे आहेत, नको म्हणाल्या. मी म्हटलं, आतल्या गोष्टी मराठीत सांगायला सोप्या जातील. वहिनी दचकल्या. "मराठी दुभाषी म्हणजे मंडळातलीच कुणीतरी निघायची! टबाची गोष्ट गणपतीपर्यंत अख्ख्या लंडनला माहीत." दुभाष्याला गुप्तता पाळायची असते, हे मी समजावून सांगितलं. "तिला असते," वहिनी म्हणाल्या, "तिच्या सासूला नसते."

खरा अडथळा मात्र यापैकी कुठलाच नव्हता. वहिनींना भीती होती की आपण फोनवर खोटं बोलू. सरकारशी खोटं बोललं की काय होतं, याच्या गोष्टी वर्तमानपत्रांत येतात, टीव्हीवर येतात. अपंग म्हणून पैसे घेणारा आणि समुद्रावर सर्फिंग करताना सापडलेला कुणी एक माणूस दर वर्षी दाखवतातच. "मी आहे त्यापेक्षा एक अक्षर जास्त सांगणार नाही," असं त्यांनी आम्हाला बजावलं. जास्त सांगायला कुणी म्हणतच नव्हतं. आहे तेवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. ज्या बाईने आईला तीस वर्षं फोनवर एकही खरी गोष्ट सांगितली नाही, तिला आता 'मला जमत नाही' हे खरं वाक्य खोटं वाटत होतं. याच्यावर तालमीचा उपाय नाही. दादाने दिग्दर्शक म्हणून हात टेकले.

मधेच २०२५ च्या वसंतात सरकारने नवा नियम सुचवला, की एकाच कामात किमान ४ गुण असल्याशिवाय रोजच्या जगण्याचा भत्ता नाही. दादाने ताबडतोब कणीक सोडून पोळ्यांच्या बाजूने युक्तिवाद सुरू केला. उन्हाळ्यात सरकारने तो प्रस्ताव गुंडाळून ठेवला. दादाला थोडं वाईटच वाटलं, युक्तिवाद चांगला जमला होता.

फोनच्या दिवशी शेवटची अडचण निघाली ती अशी, की वहिनी अनोळखी नंबर उचलत नाहीत. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे असं सांगणाऱ्यांनी त्यांना इतका त्रास दिला आहे, की नंबर दिसला नाही तर त्या फोन कापूनच टाकतात. आणि हा फोन नेमका लपवलेल्या नंबरावरून येऊ शकतो. त्यामुळे ठरलेल्या वेळेआधी अर्धा तास फोन दादाने ताब्यात घेतला आणि स्वतः देवासमोर बसला. माझ्या शेजारी कालनिर्णय, वहिनींच्या हातात पाण्याचा ग्लास, दोन्ही हातांनी धरलेला.

फोनवर नर्स होती. आवाज गोड. तिने आमच्या सगळ्यांची ओळख करून घेतली, सोबत माणूस असलेला चालतो असं सांगितलं आणि विचारलं, "हाऊ आर यू टुडे?"

नेमकं तेव्हा हीथ्रोला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं. हाउन्स्लोमध्ये विमान गेलं की सगळे बोलणं थांबवतात, ती इथली रीत आहे. ते जाईपर्यंत वहिनींना विचार करायला वेळ मिळाला. "नॉट गुड," त्या म्हणाल्या, "हँड्स आर व्हेरी बॅड." दादाने अंगठा वर केला. पुढचा पाऊण तास बरा गेला. कुत्रं आहे का, असं विचारल्यावर वहिनी "तुळस आहे" म्हणाल्या, आणि पाणी कोण घालतं हे विचारण्याआधीच "माय हजबंड" म्हणून मोकळ्या झाल्या. मग नर्सला खोकल्याची उबळ आली आणि सगळी तालीम वाया जाते की काय असं झालं. वहिनींचा आवाज पंचविशीत गेला. आलं किती, गवती चहा किती, तुळशीची पानं किती, उकळून निम्मं कसं करायचं, मध शेवटी का घालायचा, सगळं एका दमात आणि ठणठणीत. दादाने डोळे मिटले. नर्स म्हणाली, "वा! हे तुम्ही स्वतः करता?"

"नो, नो," वहिनी म्हणाल्या. "आय ओन्ली टेल. ही मेक्स."

अंघोळीच्या प्रश्नाला वहिनींनी फोन दादाच्या हातात दिला आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. दादाने टब सांगितला, स्टूल सांगितलं, केस सांगितले, मागचे हूक सांगितले. इंग्रजी नाटकातलं नव्हतं, घरातलं होतं. मी कालनिर्णय बघत राहिलो.

आता पत्राची वाट बघणं चालू आहे. या खात्याची पत्रं खाकी पाकिटातून येतात, त्यामुळे पोस्टमनच्या हातात खाकी काही दिसलं की दादा दाराशी पोचतो. नकार आला तर काय करायचं, ते त्याने आधीच वाचून काढलंय. एका महिन्यात फेरविचाराची मागणी, तिथेही नकार आला तर ट्रायब्युनल. सुनावणीपर्यंत पोचलेल्या लोकांत निम्म्याहून जास्त जिंकतात, हे वाचल्यापासून तर नकाराची त्याला जरा ओढच लागलीय. तिथे न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाची जाण असलेली तिसरी व्यक्ती, असे तिघं बसतात, हे त्याने काल वहिनींना रंगवून सांगितलं.

"तिघं?" वहिनी म्हणाल्या. "मग चिवडा करून ठेवायला हवा."

सुनावणीला कुणी घरी येत नाही, हे त्यांना सांगेपर्यंत दादा पोहे चाळायला बसलाही होता.